मिठूचा पिंजरा आणि रिकामी ढोली : पक्षी-प्राणी पाळण्याआधी घरात सगळ्यांनी समजून घ्याव्यात अशा गोष्टी

नांदेड असो की लातूर, जुन्या मोहल्ल्यातून फिरताना एखाद्या तरी घराच्या ओट्यावर पिंजरा टांगलेला दिसतोच. आत हिरवा मिठू असतो. समोर वाटीत भिजवलेली डाळ, पेरूची फोड, एखादी मिरची. आल्या-गेल्याला सलाम करायलाही त्याला शिकवलेलं असतं. दादी-नानीच्या काळापासून हे चालत आलंय, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आता यात नवी भर पडली आहे. मोबाईलवरच्या रील्समध्ये कुणी खांद्यावर रंगीबेरंगी मकाव घेऊन फिरतो, कुणी गळ्यात अजगर घालतो, कुणाच्या सोफ्यावर इग्वाना बसलेला असतो. ते पाहून मुलं अब्बांकडे हट्ट धरतात. मोठ्या शहरातून पार्सलनं पक्षी मागवून देणारे एजंटही फोनवर सापडतात. कुणी बरकत येते म्हणून पाठीवर चांदण्या असलेलं कासव घरात ठेवतं.

हे सगळं प्रेमापोटी होतं, यात शंका नाही. पण यातले काही प्राणी घरात ठेवणं हा गुन्हा आहे. काही ठेवता येतात, पण त्यांची सरकारकडे नोंद करावी लागते. आणि काही अगदी बिनधास्त पाळता येतात. हा फरक बहुतेक घरांना माहीत नसतो. त्याहून कमी माहीत असते ती दुसरी गोष्ट. पिंजऱ्यातला पक्षी कुठल्या झाडावरून, कुठल्या माळावरून आला आणि तो आल्यावर मागे काय उरलं, याची. या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेतल्या तरच चित्र पूर्ण होतं.

पाळीव कोण आणि जंगली कोण?

सुरुवात इथूनच करू. एखादा प्राणी माणसाळला म्हणजे तो पाळीव झाला, असं आपण समजतो. तसं नसतं. गाय, बकरी, घोडा, कोंबडी, मांजर, कबूतर हे प्राणी माणसाबरोबर हजारो वर्षं राहिलेत. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत त्यांचं शरीर आणि स्वभाव माणसाच्या घराला, शेताला, गोठ्याला जुळत गेले. जंगल हे आता त्यांचं घर नाही.

या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावाच्या नावानं ओळखली जाणारी देवणी गाय, नांदेडच्या कंधारचं नाव लावणारी लाल कंधारी आणि ईदच्या बाजारात हमखास दिसणारी काळीभोर उस्मानाबादी बकरी या तिन्ही देशात नोंद झालेल्या अधिकृत जाती आहेत. कोरड्या हवेत, कमी चाऱ्यावर तग धरणारी ही जनावरं मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी आणि पशुपालकांनी घडवली. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवं, कुत्री, जनावरं यांचा जो बाजार भरतो, तो या पाळीव जगाचाच.

मिठूचं तसं नाही. पिंजऱ्यातला मिठू कितीही बोलका असला तरी बहुतेक वेळा तो जंगली पक्षीच असतो. फार तर झाडाच्या ढोलीतून पिल्लू असताना काढलेला. त्याच्या आई-वडिलांना माणसाची सवय नव्हती, आणि त्याची पिल्लंही उद्या जंगलीच असतील. तो माणसाळलेला आहे, पाळीव नाही. कायदा नेमका हाच फरक बघतो.

पोपट पाळणं खरंच गुन्हा आहे का?

हो. भारतात सापडणारा कुठलाही पोपट घरात ठेवणं, विकणं किंवा विकत घेणं बेकायदा आहे. गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी असलेला आपला नेहमीचा पोपट, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा तोता, सगळे यात आले. डोंगरी मैना, लाल मुनिया, तितर, लाव्हरी यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

हा कायदा म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून पूर्ण बंदी आहे. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. प्राण्यांच्या याद्या, म्हणजे अनुसूची, नव्यानं लावल्या गेल्या आणि दंड वाढला. आता सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजारांचा दंड.

‘सगळेच पाळतात, आम्हालाच कोण विचारणार?’ असं म्हणून चालत नाही. शेजाऱ्याशी भांडण झालं आणि त्यानं वन विभागाला फोन केला, किंवा मुलानं पोपटासोबतचा व्हिडिओ टाकला आणि तो पसरला, तर कारवाई होऊ शकते. नोकरी, पासपोर्ट, शिक्षणाच्या वयात असलेल्या मुलावर असा गुन्हा दाखल होणं घराला परवडणारं नाही.

पण कायदा इतका कडक का? एवढे पोपट तर दिसतात! याचं उत्तर झाडाच्या ढोलीत आहे.

पोपट काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. तो जुन्या झाडाच्या खोडातली पोकळी शोधतो. अशी ढोली तयार व्हायला झाडाला अनेक दशकं लागतात. जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत पोपटाचा विणीचा काळ असतो. याच दिवसांत पिल्लं काढणारे झाडावर चढतात. हात आत जात नसेल तर ढोलीचं तोंड कुऱ्हाडीनं फोडतात. पिल्लं तर जातातच, पण ती ढोलीही कायमची निकामी होते. पुढच्या वर्षी तिथं पोपट येत नाही. पिंगळा येत नाही. साळुंकीही येत नाही. एका पिंजऱ्यासाठी एका झाडाची सगळी बिऱ्हाडं उठतात.

काढलेली सगळी पिल्लं पिंजऱ्यापर्यंत पोहोचतही नाहीत. डोळे न उघडलेली पिल्लं टोपलीत, पिशवीत कोंबून, उन्हातान्हातून शेकडो किलोमीटर नेली जातात. वाटेत बरीच मरतात. या व्यापाराचा देशभर माग काढून पक्षी-अभ्यासक अब्रार अहमद यांनी १९९० च्या दशकात तो सविस्तर नोंदवला. बाजारात कुठल्या जाती येतात, कशा पकडल्या जातात, साध्या पक्ष्यांना रंग लावून महागडे म्हणून कसे विकले जातात, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. मुनियांना हिरवा-लाल रंग फासून विकणं हा त्यातलाच प्रकार. घरी आणल्यावर पहिल्या पाण्यात रंग उतरतो आणि पक्षी आजारी पडतो.

बरकतीचं कासव

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव दिसायला खरंच देखणं आहे. ते घरात ठेवलं की पैसा येतो, अशी समजूत सगळ्याच समाजांत पसरली आहे. या समजुतीची किंमत काय आहे, ते बघा. आंध्र आणि कर्नाटकाच्या सीमाभागातल्या व्यापाराचा अभ्यास झाला तेव्हा एकाच केंद्रातून वर्षभरात किमान ५५ हजार तारा कासवं जंगलातून उचलली गेल्याचं दिसलं. ही कासवं खुरट्या झुडपांच्या, कोरड्या माळांवर राहतात. तस्करीमुळे २०१९ मध्ये जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या कासवाच्या व्यापारावर जगभर सर्वांत कडक बंदी घातली गेली. आपल्याकडेही ते आता पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वर सांगितलेली तीन ते सात वर्षांची शिक्षा याला लागू होते.

बरकत देणारा अल्लाह आहे, कासव नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि बेकायदा आणलेल्या, उपासमारीनं हळूहळू मरणाऱ्या जिवातून बरकत कशी येईल?

गोदावरीत, तळ्यांत सापडणारी मऊ पाठीची देशी कासवंही संरक्षित आहेत. पावसाळ्यात रस्त्यावर आलेलं कासव मुलांनी घरी आणलं, तर त्याला जवळच्या पाण्याकाठी परत सोडायला लावा.

परदेशी पक्षी-प्राण्यांचं काय?

इथं तीन गट करता येतात.

पहिला गट बिनधास्तचा. बजरी म्हणजे बजरीगर, कॉकटील आणि पीच रंगाच्या चेहऱ्याचा लव्हबर्ड हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढवले जातात. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो इंग्लंडला नेला आणि तिथून तो जगभर पसरला. आज बाजारात दिसणारे बजरी जंगलातून पकडलेले नसतात. ते पाळायला नोंदणी लागत नाही. कबूतर, कोंबडी, बदक, ससा, मांजर यांचंही तेच. मोहल्ल्यातला कबूतरांचा शौक कायद्याच्या आड येत नाही.

दुसरा गट नोंदणीचा. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, सन कन्युर, बॉल पायथन, इग्वाना आणि अशा अनेक प्रजाती ‘सायटिस’ नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. धोक्यातल्या प्राण्यांचा देशोदेशींचा व्यापार आटोक्यात ठेवणारा हा करार. भारत त्यात १९७६ पासून सामील आहे. या प्रजाती आता आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्यात. केंद्र सरकारनं २८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढलेल्या नियमांनुसार असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद करणं बंधनकारक आहे. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती. नव्यानं घेणाऱ्याला ताबा मिळाल्यापासून तीस दिवस मिळतात. शुल्क एक हजार रुपये. प्राण्याला पिल्लं झाली, तो मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावं लागतं. त्यामुळे दुकानदार ‘कागदाची काही गरज नाही’ म्हणाला, की समजून जा. विकणाऱ्याकडे नोंदणीचा कागद नसेल तर पुढची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

तिसरा गट तस्करीचा. मुंबई विमानतळावर थायलंडहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून साप, सरडे, पक्षी, माकडं पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. २०२५ मध्ये एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप सापडले. पैशाच्या लालचेनं सामान पोहोचवायला गेलेली तरुण मुलं अशा प्रकरणांत अडकतात. असं बोलावणं आलं तर ते सरळ नाकारायचं.

पिंजरा इथं, झळ तिथं

आता कुणी म्हणेल, परदेशातला पक्षी आहे, आपल्या जंगलाचं त्यात काय गेलं?

आफ्रिकन ग्रेचं उदाहरण घ्या. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा हा पोपट माणसासारखं बोलतो, म्हणून जगभर त्याला मागणी. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात एके काळी त्याचे थवेच्या थवे संध्याकाळी झाडांवर उतरायचे. १९९२ नंतर तिथली त्याची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटली, असं संशोधकांना आढळलं. एकीकडे पकडणारे, दुसरीकडे उंच झाडांची तोड. उंच झाड गेलं की ढोली गेली, ढोली गेली की पिल्लं नाहीत. २०१६ मध्ये या पोपटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली ती यामुळेच.

म्हणजे घानातला ग्रे आणि आपला मिठू, दोघांची गोष्ट एकच. दोघांनाही एका बाजूनं पिंजरा ओढतो आणि दुसऱ्या बाजूनं कुऱ्हाड.

शिवाय हा पक्षी पन्नास वर्षंही जगू शकतो. आज पंचविशीतल्या मुलानं घेतला तर तो त्याच्या नातवंडांच्या काळापर्यंत राहील. घरात लोक नसले की असे हुशार पक्षी एकटेपणानं स्वतःची पिसं उपटतात. रीलमध्ये हे दिसत नाही.

सोडून दिलं की झालं?

कंटाळा आला, प्राणी मोठा झाला, चावायला लागला, की बरेच जण त्याला नदीत किंवा झाडीत सोडून देतात आणि सवाब कमावला असं समजतात. यात दुहेरी नुकसान आहे.

बाजारात नाण्याएवढी, कानाजवळ लाल पट्टा असलेली हिरवी कासवं मिळतात. ती मूळची अमेरिकेची. काही वर्षांत ती जेवणाच्या ताटाएवढी होतात आणि वीस-तीस वर्षं जगतात. त्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. लहान मुलं आजारी पडू लागल्यानं अमेरिकेनंच १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हे कासव गोदावरीत किंवा मांजरेत सोडलं तर ते देशी कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा बळकावतं.

काचेच्या टाकीतलं शेवाळ खाणारा सकर मासाही तसाच. तो दक्षिण अमेरिकेतला. लोकांनी टाकीतून सोडलेल्या या माशानं आंध्र, तेलंगणा, तामिळनाडूतल्या पाण्यात ठाण मांडलंय. खाण्याच्या कामाचा नाही, बाजारात भाव नाही, आणि खवल्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात ती गरीब मच्छीमारांची. गोदावरी नांदेडहून पुढे तेलंगणातच जाते. पाणी जिल्ह्याची सीमा मानत नाही.

पिंजऱ्यात वाढलेल्या मिठूला अचानक उडवून देणंही योग्य नाही. त्याच्या पंखांत ताकद नसते. खाणं शोधायची आणि मांजर, ससाणा ओळखायची सवय नसते. तो बहुतेक दोन-चार दिवसांतच मरतो.

बाजारातून पक्षी विकत घेऊन सवाबच्या नीयतीनं आझाद करण्याची रीत काही घरांत आहे. नीयत नेक आहे, पण हिशेब उलटा होतो. आपण दिलेल्या पैशानं पकडणाऱ्याची पुढची फेरी होते. दहा पक्षी सुटतात, त्यांच्या जागी नवे पकडले जातात. सवाबच हवा असेल तर गच्चीवर पाण्याचं भांडं ठेवणं हा सोपा रस्ता आहे.

आपलं जंगल आणि आपला माळ

मराठवाड्यात जंगल आहेच कुठं, असं आपण सहज म्हणतो. लातूरकरांचं तर हे खरंच म्हणायला हवं. त्या जिल्ह्यात जंगलाचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. नांदेडचं बहुतेक जंगल किनवट आणि माहूरच्या बाजूला, पैनगंगेच्या काठानं उरलंय. पैनगंगा अभयारण्य नांदेड आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे.

पण आपल्या भागाची खरी संपत्ती दाट जंगलात नव्हती, ती माळरानात होती. काळवीट, लांडगा, खोकड, तरस, चंडोल, तितर ही माळावरची वस्ती. सरकारी कागदांत माळाला ‘पडीक जमीन’ म्हणतात आणि पडीक म्हटलं की ती कुणीही वापरावी असं वाटतं. कुठं सोयाबीनसाठी नांगरली गेली, कुठं खडी काढायला खोदली, कुठं प्लॉट पडले. याच माळावरचा माळढोक आज देशभरात दीडशेच्या आसपासही उरलेला नाही. जे आहेत ते बहुतेक राजस्थानात. लातूरपासून फार लांब नसलेल्या सोलापूरच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसाच झालाय.

माळावरचं गवत पावसाचं पाणी अडवतं आणि जमिनीत मुरवतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस लातूरकर विसरलेले नाहीत. त्या टंचाईमागं कारणं अनेक होती. पण पाणी मुरवणारी जमीन कमी होत गेली की विहिरी-बोअर लवकर आटतात, हे आपल्याकडचा कुठलाही शेतकरी सांगेल. माळ आणि नळ यांचं नातं असं जवळचं आहे.

वाघ मात्र अजूनही या भागातून वाट काढतोय. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात दिसला. शेतं, रस्ते, गावं ओलांडत त्यानं सुमारे साडेचारशे किलोमीटरची मजल मारली होती. ओढ्याकाठची झाडी आणि मधले माळ हाच त्यांचा रस्ता. तो तुटला तर वाघ गावात शिरणार, आणि मग नुकसान दोघांचंही.

सलीम अलींची आठवण

या विषयात एक नाव आपल्या घरांत मुलांना जरूर सांगावं : डॉ. सलीम अली. १८९६ मध्ये मुंबईतल्या मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी मामांनी दिलेल्या छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग ती खाणं जायज आहे का, अशी शंका आली म्हणून पोरगा चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथं कपाटं भरून ठेवलेले पक्ष्यांचे नमुने पाहिले आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. शिकारीपासून सुरुवात करणारा तो मुलगा पुढे पक्षी वाचवणाऱ्यांचा उस्ताद झाला. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी, हा त्यांचाच आग्रह होता.

मराठवाड्याशीही त्यांचं नातं आहे. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आजचे नांदेड आणि लातूर तेव्हा त्याच संस्थानात होते. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा सलीम अलींच्या. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांनी हा आठवडा मुलांना घेऊन तळ्याकाठी घालवायला काय हरकत आहे?

दीन काय शिकवतो?

पक्षी पाळणं हरामच आहे, असं नाही. अबू उमैर नावाच्या लहान मुलाकडे एक छोटा पक्षी होता. तो मेल्यावर रसूलुल्लाह (स.) यांनी त्या मुलाची आपुलकीनं विचारपूस केली, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तिच्या आधारे उलेमांनी पक्षी पाळायला परवानगी दिली, पण त्याला नीट खाऊ-पिऊ घालायचं, त्रास द्यायचा नाही, या अटीवर. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला अजाब झाला, हेही आपण लहानपणापासून ऐकतो.

अबू दाऊदमधली आणखी एक घटना या विषयाच्या अगदी जवळची आहे. सफरीत काही सहाबांनी एका लहान पक्ष्याची पिल्लं उचलली. आई वर पंख फडफडवत घिरट्या घालू लागली. रसूलुल्लाह (स.) आले, तिला पिल्लांवरून कुणी तळमळायला लावलं असं विचारलं आणि पिल्लं परत ठेवायला सांगितली. ढोलीतून पिल्लं काढण्याच्या धंद्याला याहून स्पष्ट उत्तर कुठलं असेल?

कुरआन जमिनीवरच्या प्राण्यांना आणि आकाशात उडणाऱ्या पक्ष्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हणतं. उम्मत म्हटलं की तिचं घर आलं, कुटुंब आलं, राहण्याचा हक्क आला. आणि देशाचा कायदा पाळणं ही तर आपली जबाबदारी आहेच.

मग घरात आधीच पोपट असेल तर?

घाबरून त्याला रात्रीतून उडवून देऊ नका. लपवूनही ठेवू नका. महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिथं किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात संपर्क करा आणि पक्षी किंवा तारा कासव त्यांच्या हवाली करायचं आहे, असं सांगा. मनात धाकधूक असेल तर ओळखीच्या वकिलाला सोबत घ्या. स्वतःहून पुढे जाणं हे पकडलं जाण्यापेक्षा केव्हाही बरं.

परदेशी प्राणी असेल तर तो नोंदणीच्या यादीत येतो का ते पाहून परिवेश पोर्टलचं काम उरका. मुदत निघून गेली असेल तरी गप्प बसू नका, वन कार्यालयात जाऊन विचारा.

मुलांना प्राण्यांची हौस असेल तर ती मारू नका, तिला योग्य वाट द्या. बजरीची जोडी आणा, पण पिंजरा पंख पसरता येतील एवढा मोठा घ्या. गल्लीतलं मांजर दत्तक घ्या. गच्चीवर उन्हाळ्यात पाण्याचं मातीचं भांडं ठेवा आणि ते रोज घासा. गलोल आणि छर्ऱ्याची बंदूक घरात येऊ देऊ नका.

मोठ्यांनीही एक काम करावं. मशिदीच्या, मदरशाच्या, कब्रस्तानाच्या आवारातली जुनी झाडं मोजून ठेवा. रस्ता रुंदीकरणात कडुनिंब आणि वडाचे जुने बुंधे जात असताना कब्रस्तानातली झाडं कितीतरी पक्ष्यांचा आसरा आहेत. वाळकी फांदी दिसली की लगेच तोडायची घाई करू नका. धोका नसेल तर राहू द्या. ढोल्या बहुधा अशाच जुन्या लाकडात तयार होतात.

अशा झाडावर संध्याकाळी पोपटांचा थवा उतरला, की मुलांना घेऊन जा आणि दाखवा. तिथं त्यांना मिठूची खरी बोली ऐकू येईल.